बाबांचं पत्रक माझ्या तोंडून

बारावीचा निकाल लागल्यावर आमच्या घरात दोन पत्रकं निघाली. एक माझं, एक बाबांचं.

बाबा तुमसरच्या एका राइस मिलमध्ये वजनकाट्यावर असतात. जयंती असो की धम्मपरिषद, जिथं जातील तिथून ते पत्रकं आणि पातळ पुस्तिका घेऊन येत. बपेरा गावातल्या आमच्या घरात मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. 'निषेध' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी लिहिता यायचा.

घरात एक नियम होता. मोठा वाद झाला की भांडायचं नाही, ज्यानं-त्यानं आपलं म्हणणं एका पानावर लिहायचं. आणि ते पान समोरच्यानं मोठ्यानं वाचायचं. माझं बाबांनी, बाबांचं मी. मध्ये टोमणा नाही, गाळणं नाही. दुसऱ्याचं म्हणणं एकदा आपल्या तोंडून निघालं पाहिजे, असं बाबांचं मत.

या वेळी वाद कॉलेजचा होता. नागपूरच्या एका कॉलेजच्या बीएच्या यादीत माझं नाव लागलं होतं. शनिवारपर्यंत प्रवेश घेतला नाही तर जागा जाणार होती. मी तिथं जावं, हॉस्टेलात राहावं, असं बाबा म्हणत. मला तुमसरचं कॉलेज हवं होतं, रोज एसटीनं जाणं-येणं.

"काहून पण?" बाबांनी विचारलं.

"गावातला जो शिकला तो नागपूरले गेला अन् तिथलाच झाला. मले तसं नाही करायचं."

"मंग लिही."

गुरुवारी दुपारी, बाबांच्या सुटीच्या दिवशी, आम्ही ओसरीवर बसलो. आई सुपात तांदूळ निवडत होती. माझं पान दोन्ही बाजूंनी भरलं होतं आणि त्याची सुरुवात 'बंधू-भगिनींनो' अशी होती.

"इथं भगिनी मीच का?" आई म्हणाली. "वाचा, वाचा."

बाबांनी वाचलं. शिकलेल्यांनी गाव सोडणं ही फितुरी आहे. जे शिक्षण माणसाला घरापासून तोडतं ते कुणाच्या कामाचं? माझी वाक्यं त्यांच्या जड आवाजात फार शोभत होती. 'फितुरी'पाशी ते जरा थांबले, पण नियमाप्रमाणे तोही शब्द तेवढ्याच जोरानं वाचला. मला वाटलं, आपण जिंकलो.

"हिले निवडणुकीत उभी करा," आई म्हणाली.

मग मी त्यांचं पान घेतलं. बाबांच्या पत्रकात मागणी असते, कारणं असतात, शेवटी आवाहन असतं. यात तसं काहीच नव्हतं. मी वाचू लागले.

"बारावीनंतर मलाही नागपूरला प्रवेश मिळाला होता. मी गेलो नाही. कुणी विचारलं की सांगतो, गावात काम करायचं होतं. ते काम मी केलं, त्याचा पस्तावा नाही. पण राहिलो ते त्यासाठी नाही. मला भीती वाटली होती. तिथली पोरं कशी बोलतील, मी जेवायला कुणाजवळ बसेन..."

इथं मी अडखळले. नागपूरला फॉर्म भरायला आम्ही गेलो तेव्हा बाबा खिडकीपाशी रांगेत होते आणि मी कॉलेजच्या कँटीनच्या दारातून परत आले होते. आत मुली हसत होत्या, माझ्यावर नाही, आपसातच. आपल्या तोंडून 'मले-तुले' निघालं तर, एवढंच मनात आलं होतं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"थांबली काहून?" आईनं विचारलं.

"पूर्ण वाच," बाबा म्हणाले.

एकच ओळ राहिली होती. "तुझं कारण खरंच वेगळं असेल तर तुमसरचा फॉर्म मी स्वतः आणून देईन."

बाबा माझ्याकडे न पाहता अंगणात बघत होते. माझ्या पानातलं एकही वाक्य मला आजही खोटं वाटत नाही. गावं रिकामी होत आहेत, आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण त्या दिवशी मी ते सगळं लिहिलं होतं ते कँटीनच्या त्या दारात पुन्हा उभं राहावं लागू नये म्हणून.

"माझं कारण वेगळं नाही," मी म्हणाले, आणि कँटीनच्या दारातलं सांगितलं.

आईनं सूप खाली ठेवलं. "दोघंही सारखेच भेकड," ती म्हणाली. "अन् मी समजत होती, हे क्रांती करून राहिले."

बाबा हसले. मग त्यांनी विचारलं, "काय मिळते त्या कँटीनात?"

"पाहिलंच नाही."

"मंग शनिवारी पाहू."