त्याच्या मापाचा हार्नेस

नवऱ्याने स्वतःसाठी नवं पॅराशूट मागवलं तेव्हा त्याचं जुनं माझ्याकडे आलं. घरातला जुना लॅपटॉप बायकोकडे येतो तसंच. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट आनंदच झाला, कारण तोवर मी भाड्याच्या सामानावरच उड्या मारत होते.

आम्ही सांगवीत राहतो. तो तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये आणि मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला. स्कायडायव्हिंगचं वेड मूळचं त्याचं. लग्नानंतर ते मलाही लागलं आणि दर हिवाळ्यात सुट्ट्या साठवून आम्ही थायलंडला जायला लागलो. बरोबर पुण्या-चिंचवडचे चार-पाच जण असायचे, सगळे पुरुष. त्यांचा म्होरक्या चाकणच्या जुन्या घराण्यातला. जिथे त्याच्या आजोबांचे कांदे पिकायचे तिथे आता कंपन्यांची गोदामं आहेत, आणि हा भाड्यावर निवांत जगतो. सगळे त्याला दादा म्हणत. उड्यांचा अनुभव त्याचाच सर्वांत जास्त, त्यामुळे शब्दही त्याचाच शेवटचा.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. पाठीवर जी बॅग असते तिला कंटेनर म्हणतात आणि तिला जोडलेल्या, खांद्यांवरून मांड्यांपर्यंत आवळलेल्या पट्ट्यांना हार्नेस. कंटेनरच्या तळाशी एका खिशात छत्रीहूनही लहान असं एक पॅराशूट असतं, पायलट शूट. उंची संपत आली की हात मागे नेऊन ते ओढायचं आणि बाजूच्या वाऱ्यात भिरकावायचं. वारा ते फुगवतो आणि ते मोठ्या पॅराशूटला बाहेर खेचतं. भिरकावलं आणि काहीच झालं नाही, तर त्याला हेझिटेशन म्हणतात. म्हणजे अडखळणं. शब्द सौम्य आहे. खालून जमीन वर येत असते.

त्या जुन्या सामानावर माझ्या दुसऱ्याच उडीला ते झालं. मी पायलट शूट भिरकावलं आणि वाट पाहिली. नेहमीचा झटका आलाच नाही. मी खांदा वळवून मागे पाहिलं, तर ते माझ्या पाठीच्या आडोशाला, जिथे वारा पोचत नाही तिथे, चिंधीसारखं नाचत होतं. मी वळल्यामुळे त्याला वारा लागला असावा, कारण मग ते ताठ झालं आणि मोठं उघडलं. उघडताना हार्नेस एवढा वर सरकला की छातीवरचा पट्टा हनुवटीखाली येऊन बसला.

मी खाली उतरले. दादाने माझा व्हिडिओ पाहिला आणि निकाल दिला, "ताई, हात अर्ध्यातच थांबतुया तुमचा. जोर न्हाई."

नवरा म्हणाला की मीही तेच म्हणणार होतो.

त्या आठवड्यात ते आणखी दोनदा झालं. दोन्ही वेळा कारण तेच ठरलं. पट्टा गळ्याशी येतो म्हटलं तर मला आवळता येत नाही. खिसा हाताला लागत नाही म्हटलं तर मी घाबरते. जेवताना एक जण म्हणाला की बायकांच्या खांद्यात मुळातच तेवढी ताकद नसते, आणि नवऱ्याने त्याला पापड पुढे केले.

परत आल्यावर मी हॉलमधल्या सतरंजीवर पालथी झोपून हात मागे नेण्याचा आणि झटकन भिरकावण्याचा सराव करायला लागले. नवरा सोफ्यावरून "अजून लांब, अगं अजून लांब" असं सांगायचा. काही महिने मी हे मनापासून केलं. दंड दुखायचा. कंपनीत मात्र माझं रोजचं काम याच्या अगदी उलट होतं. सप्लायरकडून खराब माल आला आणि त्याने कारणाच्या रकान्यात "कामगाराची चूक" लिहून पाठवलं, की मी तो रिपोर्ट परत पाठवायचे. चूक झाली तर ती का होऊ शकली ते सांगा, असं मी फोनवर ठणकावून सांगायचे.

कंपनीत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण लातूरची. एका रविवारी ती घरी आली आणि मला सतरंजीवर हातवारे करताना पाहून हसायला लागली. मी सगळं सांगितलं तेव्हा तिचं हसू गेलं. ती म्हणाली, बॅग घालून दाखव. मी घातली, सगळे पट्टे आवळले आणि पालथी झोपले. वारा उचलतो तसा तू कंटेनर वर उचल, असं मी तिला सांगितलं. तिने तो उचलला आणि माझ्या पाठीत आणि त्याच्यात तिचा हात कोपरापर्यंत आत गेला.

"बाई, हे दुसऱ्याचं घातल्यासारखं दिसायलंय," ती म्हणाली.

दुसऱ्याचंच होतं. माझा नवरा माझ्याहून वीतभर उंच आहे आणि हार्नेस त्याच्या धडाच्या मापाने शिवलेला होता. छातीचे-मांड्यांचे पट्टे आवळले तरी खांद्यापासून कमरेपर्यंतच्या मुख्य पट्ट्यांची लांबी कमी होत नाही. हवेत कंटेनर माझ्या पाठीपासून सुटत होता, खिसा जागेवरून हलत होता, आणि मी दर वेळी चाचपडत होते. मैत्रिणीने फोटो काढला.

मग मी पायलट शूटही तपासलं. त्याच्या मधून एक बारीक दोरी जाते. मोठं पॅराशूट उघडल्यावर ती छोट्याला मिटवते आणि घडी घालताना ती ताणून छोट्याला पुन्हा फुगण्याजोगं करावं लागतं. मी ती पूर्ण ताणली तरी छोट्याचा माथा आत ओढलेलाच राहत होता. वापरून वापरून दोरी आखडली होती. असं पायलट शूट फुगलं तरी अर्धंच फुगणार.

रात्री मी नवऱ्याला फोटो दाखवला आणि दोरी दाखवली. त्याने दोन्ही पाहिलं. म्हणाला, "अगं, मी याच्यावर वर्षानुवर्षं उड्या मारल्यात. मला कधी काही झालं नाही." आणि दादाला पाठवू म्हटलं तर म्हणाला की उगाच हसं होईल.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. ती दोरी बदलल्याशिवाय मी उडी मारणार नव्हते. तिथल्या रिगरकडे, म्हणजे पॅराशूटची दुरुस्ती करणाऱ्याकडे, जाऊ म्हणून मी माझी बॅग विमानातही हाताशीच ठेवली होती. नवऱ्याचं नवं सामान मात्र विमान कंपनीच्या घोळात वाटेत कुठेतरी मागे राहिलं होतं. पहिल्याच सकाळी तो म्हणाला, "तुझं घेतो आज. तसंही तू घाबरलेलीच आहेस." मी दोरीचं पुन्हा सांगितलं. तोवर तो पट्टे आवळत होता. हार्नेस त्याला अगदी चपखल बसला.

मी खालून पाहत होते. त्याच्या पाठीमागे काहीतरी फडफडलं आणि तसंच फडफडत राहिलं. बाकीच्यांची पॅराशूट उघडली होती आणि तो त्यांच्या खाली गेला होता. मग ते उघडलं.

तो उतरला तेव्हा पांढराफटक होता. सगळे धावले. दादाने बॅग उलगडायला घेतली. कुणीही नवऱ्याच्या हाताबद्दल, खांद्याबद्दल चकार शब्द काढला नाही. सामानातच काहीतरी आहे, असं सगळे एकदम म्हणायला लागले. नवऱ्याने पायलट शूट हातात घेतलं, दोरी ताणली आणि म्हणाला, "दोरी आखडलीय."

"व्हय की," दादा म्हणाला. "बरं ध्यानात आलं तुझ्या."

मी तिथेच उभी होते. नवऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. मला वाटलं आता सांगेल. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली.

रिगरने दोरी बदलली. सगळे म्हणाले, झालं, ताईंचं सामान आता नवंकोरं. पण माझ्या उडीत ते पुन्हा अडखळलं. आधीपेक्षा कमी, तरी अडखळलंच. तेव्हा दादाने नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता भाड्याने लहान मापाचं सामान घेतलं. ते पाठीला चिकटून राहिलं, खिसा हाताला आपसूक लागला आणि माझ्या त्याच हाताने भिरकावलेलं पायलट शूट तत्क्षणी ताठ झालं.

त्या वर्षी मी स्वतःच्या मापाचा हार्नेस मागवला. मापं लातूरच्या मैत्रिणीने घेतली. नवरा म्हणाला, एवढी गरज होती का? मी हो म्हणाले.

नंतर एकदा ग्रुपमध्ये नव्याने आलेला एक मुलगा आमच्या घरी बसला होता. नवरा त्याला माझ्यासमोर सांगत होता की हिचा थ्रो आधी फार कच्चा होता, याच हॉलमध्ये करून घेतला सगळा. मुलाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी म्हणाले, "थ्रो तोच आहे." नवरा हसला आणि त्याने चहाचं काय झालं म्हणून विचारलं.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर गेले नाही. नवऱ्याने कारण विचारलं नाही. दादाने फोन करून विचारलं तेव्हा मी म्हणाले की सुट्टी मिळाली नाही, आणि त्याला ते लगेच पटलं. सुट्टी मिळाली होती. ती घेऊन मी मार्चमध्ये एकटी थायलंडला जाऊन आले.