अद्रक आणायला गेलेला बॉक्सर

कडुबा साळवेंना मान नाही. असेलही, पण एकसष्ट वर्षांत ती कुणाला दिसलेली नाही. डोकं थेट खांद्यांवर बसवलेलं, उंची सव्वापाच फूट, हात आखूड. शेंद्र्याच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म घालवला, तरी भीमनगरात त्यांना सगळे बॉक्सर म्हणूनच ओळखतात. तरुणपणी त्यांची खेळायची एकच तऱ्हा होती. डोकं खाली घालायचं, समोरच्याच्या पोटाशी शिरायचं आणि तो बसेपर्यंत बाहेर यायचं नाही. लांबून मारायला हात पुरत नव्हते आणि वाट बघायला स्वभाव पुरत नव्हता.

गेल्या वर्षी सुलेखाताईंच्या व्यायामशाळेत पंचावन्नच्या वरच्यांची मैत्रीपूर्ण लढत ठरली. दीड-दीड मिनिटाच्या तीन फेऱ्या. कडुबांनी सगळ्यांच्या आधी नाव दिलं. सरावाला उतरल्यावर कळलं, की डावा गुडघा वाकताना सुपारी फुटल्यासारखा वाजतो आणि दम चाळीस सेकंदांत संपतो.

सुलेखाताई स्वतः राज्य पातळीवर खेळलेल्या. त्यांनी दोन दिवस बघितलं आणि निकाल दिला. "काका, आत शिरणं बंद. रिंगच्या मधोमध उभं राहा. तो फिरू दे तुमच्याभोवती."

"अन् मी काय करू?"

"थांबा. बघा."

"ताई, बघायचं मला कधीच जमलं नाय. पोरगी बघायला गेलो तर चहा यायच्या आधी हो म्हणून बसलो."

मग ताईंनी लटकत्या बॅगेला झोका द्यायचा आणि पाचव्या झोक्यालाच ठोसा मारायचा, असा धडा सुरू केला. कडुबा मोठ्यानं मोजायचे, "एक, दोन, पाच!"

लढतीत समोर नाव आलं पिशोरच्या बद्रीनाथ गुरुजींचं. गणित शिकवून निवृत्त झालेले, सहा फूट उंच. हात इतके लांब, की एका जागी उभं राहून अख्खा फळा पुसायचे. कॉलेजात बॉक्सिंग केलेलं. स्वभाव सावध, डाव्या हातानं लांबूनच टोचत राहायचं, कुणाला जवळ येऊच द्यायचं नाही, अशी त्यांची ख्याती.

कडुबांना राहवेना. एका सकाळी पिशवी घेऊन निघाले. "पिशोरहून अद्रक आणतो."

"शहागंजात अद्रक संपलं व्हय?" गीताबाई म्हणाल्या. नवऱ्याला त्या चाळीस वर्षं ओळखत होत्या.

पिशोरला गुरुजी अंगणात लिंबाला टांगलेल्या पोत्यावर सराव करत होते. कडुबांनी कुंपणावरून अद्रकाची चौकशी केली. गुरुजींनी आत बोलावलं, चहा दिला, "चालेल ना?" म्हणून सराव पुढं चालू ठेवला. कडुबा कपाच्या आडून बघत होते. चौथ्या-पाचव्या ठोशाला त्यांना खजिना सापडला. उजवा हात चालवायच्या आधी गुरुजींचा गाल फुगायचा. दर वेळी. कडुबांनी दोन किलो अद्रक उचललं आणि एसटीत बसून कन्नडपर्यंत एकटेच हसत आले.

लढतीच्या दिवशी घंटा वाजली. गुरुजींचा गाल फुगला. कडुबा उजव्याला चुकवायला वाकले आणि डावा हात सरळ नाकावर बसला. योगायोग असेल म्हणून पुन्हा गाल बघितला. पुन्हा डावा. तिसऱ्यांदाही तेच.

दुसऱ्या फेरीत कडुबा ताईंचं सगळं शिकवणं विसरले आणि डोकं घालून आत शिरले. पण गुडघ्यानं दगा दिला, तोल गेला आणि त्यांनी गुरुजींना चक्क मिठी मारली. तेवढ्यात कानाशी शब्द आले, "अद्रक कसं निघालं?"

कडुबा गार पडले.

"असं वाकडं नाक घेऊन कुणी अद्रक घ्यायला येतं व्हय? कुंपणावरच ओळखलं. मग म्हटलं, पाहुण्याला काहीतरी शिकवूनच पाठवावं."

कडुबांना इतकं हसू आलं, की दातांचं कवच बाहेर पडलं. पंचांनी दोघांनाही ताकीद दिली.

तिसऱ्या फेरीत दम संपला होता, पाय उचलत नव्हते. म्हणून कडुबा मधोमध उभे राहिले. गालाकडं नाही, पायांकडं बघत. कारण पायांना खोटं बोलायला गुरुजींनी शिकवलं नसावं. गुरुजी फिरले, टोचून बघितलं, आणखी फिरले. समोरचा हलत नाही, बोलत नाही. कडुबा गप्प आहेत म्हणजे संपलेच, असं गणित मांडून त्यांनी एक पाऊल आत टाकलं.

लांब हातांना तिथं जागा नव्हती. आखूड हातांना भरपूर होती. बरगडीखाली दोन ठोसे बसले आणि गुरुजी खाली बसले. सातच्या मोजणीला उठले, घंटा झाली. गुणांवर गुरुजीच जिंकले, आणि त्यात अन्याय काहीच नव्हता.

"मी आत आलो कसा?" बरगडी धरून गुरुजी विचारत होते.

"मी तर बोलावलं नव्हतं," कडुबा म्हणाले. नाकात कापूस घातल्यामुळे बोलणं गेंगाणं येत होतं, पण आयुष्यात पहिल्यांदा दीड मिनिट थांबल्याचा गर्व त्यातूनही ऐकू येत होता.

गुरुजी आता दर रविवारी पिशोरहून येतात. कडुबा त्यांना जवळून मारायला शिकवतात आणि गुरुजी कडुबांना झोके मोजायला. गेल्या महिन्यात एक निवृत्त बँक मॅनेजर नव्यानं दाखल झाले. कडुबांनी त्यांना बाजूला घेऊन गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "गुरुजींना उजव्या कानानं ऐकू येत नाय. त्याच अंगानं चाल करा."

पलीकडं हाताला पट्टी बांधत असलेल्या गुरुजींनी लगेच उजव्या कानामागं हात नेला आणि विचारलं, "काय म्हणालात?"