थडगी धुणाऱ्या कामाक्षीबाई

पहिल्याच भेटीत कामाक्षीबाईंनी माझ्या आईच्या थडग्यावरून बोट फिरवलं आणि ते सरळ जिभेवर ठेवलं. मी शहारलेच. त्या बाजूला थुंकल्या आणि म्हणाल्या, "हें समुद्राचें खारें नव्हे. आसिड घातलांत कीं नाही? खरें सांगा." चेन्नईच्या खाऱ्या वाऱ्याने दगडावर खार चढतो, तो त्या चवीवरून ओळखत. माझा गुन्हाही त्यांनी तसाच ओळखला.

खोटं बोलून उपयोग नव्हता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथली ख्रिस्ती मंडळी कबरी धुऊन फुलं घालतात. माझं ऑफिस शहराच्या पार टोकाला शोळिंगनल्लूरला, रजा मिळेना, आणि स्वभाव असा की लिफ्ट यायला उशीर झाला तरी मी जिन्याने निघते. अर्ध्या तासात उरकू म्हणून बाथरूम धुण्याचं आसिड नेलं. संगमरवर फसफसला. मला वाटलं, वा, काय मळ निघतोय! पाणी ओतल्यावर पाहिलं तर वरचं खोल कोरलेलं नाव जागेवर होतं, पण खाली एकच शब्द उथळ कोरलेला होता, तो गेला होता. तो शब्द 'आई'.

आता हे कुणाला सांगू! आम्ही मूळचे नगरचे मराठी ख्रिस्ती. वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीपायी चेन्नईत वेस्ट मांबलमला आलो. दुसरीत असताना शाळेच्या फाटकाशी मी "आई!" अशी हाक मारली आणि वर्गातल्या मुली फिदीफिदी हसत सुटल्या. तमिळ पोरांच्या बोलीत 'आयी' म्हणजे शी. घरी येऊन मी थयथयाट केला, उद्यापासून तू अम्मा, समजलं? ती म्हणाली, "बरं बाई." पुढे चाळीस वर्षं ती अम्माच राहिली, दार लावलेल्या घरातसुद्धा. शेवटच्या दुखण्यात तिने एवढंच मागितलं, "दगडावर तरी आई लिही गं." ते मी लिहून घेतलं, आणि माझ्याच हाताने पुसलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

म्हणून कामाक्षीबाईंना शोधत गेले. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, साठी उलटलेल्या. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, केसांत मोगरा, पिशवीत मऊ ब्रश, बांबूच्या कामट्या आणि कॉफीचा थर्मास. यजमान थडग्यांवर अक्षरं कोरायचे. ते गेल्यावर ह्या धुवायला लागल्या. "ते लिहीत, मी वाचतें," असं त्या सांगत. त्यांचं मराठी पणजीच्या काळचं आणि बोलण्याची चाल तमिळ. "मुलें माझ्याशीं तमिळांतच भांडतात, मग मराठी मी दगडांशीं बोलतें. ते उलटून बोलत नाहीत."

"येईल का हो तो शब्द परत?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"ठाऊक नाही. पाहूं. अवसरम करूं नये." अवसरम म्हणजे तमिळमध्ये घाई. हे वाक्य त्यांनी मला पुढे शंभरदा तरी ऐकवलं असेल.

गंमत म्हणजे त्या स्वतः एका जागी दोन मिनिटं टिकत नसत. दगड भिजवून ठेवला की कॉफीचा पेला हातात घेऊन रांगांमधून फिरत. कुणाच्या कबरीवरचं शेवाळ खरवड, कुणाचा कलंडलेला क्रूस चाचपून बघ, कुणी सांगितलेलं नसताना. पण ब्रश हातात आला की बाई निराळ्याच व्हायच्या. आधी नुसतं पाणी, मग कोपऱ्यात बोटभर जागेवर घासून बघायचं, आणि घासायचं ते नेहमी खालून वर. "वरून धुतलें कीं मळ ओघळतो, खालीं डाग बसतो." दुपारी बारानंतर कामाला हात लावायच्या नाहीत. तापल्या दगडावर साबण वाळला की पुन्हा निघत नाही. एकदा शेजारच्या कबरीवर एक गृहस्थ तारेचा ब्रश चालवत होते. ह्या तरातरा गेल्या, तो ब्रश हिसकावला आणि तमिळमध्ये खडसावलं, "तुमच्या बापाचं तोंड असं घासाल का?" ते साहेब इतके वरमले की त्यांनी ह्यांनाच काम दिलं.

चार महिने दर शनिवारी सकाळी मी जात राहिले. त्या दगड निववायच्या, पुसायच्या, मग छोटा आरसा तिरका धरून उन्हाची तिरीप अक्षरांच्या जागेवर पाडायच्या. तसल्या उजेडात बुजलेली रेघही उठून दिसते. एका शनिवारी 'आ'चा काना दिसला! मी उड्याच मारल्या. पुढचे सगळे शनिवार त्या एका कान्यापलीकडे काही दिसलं नाही. मी त्यांचा आरसा धरलेला हात ओढी, असा धरा, तसा धरा, जरा जोराने घासा ना. तोवर आसिड, फाटक, आईचं मागणं, सगळं त्यांना सांगून झालं होतं.

शेवटी त्यांनी ब्रश खाली ठेवला. गुडघे गेले होते, मुलगी त्यांना तिरुचीला न्यायला येणार होती. तो त्यांचा इथला शेवटचा शनिवार. "पोदुम," त्या म्हणाल्या. "पुरे. गेलें तें गेलें. आणखी घासलें तर वरचें नांवही जाईल."

"मग मी कोरणारा आणते! नवीन कोरून घेते!"

"आणा. दगड तुमचा." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "पण म्हातारीस दगडाकडून ऐकायचें होतें कां? तुम्हीं हाक मारीनात, म्हणून तिनें दगड मागितला. तोंड आहे नव्हे तुम्हांस? मारा हाक."

मला राग आला. खरं बोललेलं झोंबतंच. "इथे? लोक आहेत."

"असूं देत."

मी पुटपुटले, "आई."

"मला ऐकूं आलें नाही," कामाक्षीबाई म्हणाल्या.

मग मी ओरडलेच. "आई!" घसा फाटला, आवाज चिरकला, डोळ्यांतून धारा लागल्या. थांबवेना. "आई! आई गं!"

दोन रांगा पलीकडे एक खूप म्हातारी तमिळ बाई कुणाच्या तरी कबरीवर झेंडू मांडत होती. ती दचकून उठली आणि काठी टेकत आमच्याकडे यायला लागली. मी शरमेने अर्धी झाले. म्हटलं, आता ही हसणार नाहीतर रागावणार.

"घाबरूं नका," कामाक्षीबाई हळूच म्हणाल्या. "आमच्या तंजावराकडे खेड्यांत तमिळ लोक म्हातारीस, आईस, आयीच म्हणतात. तीही तिकडचीच दिसते, तिला वाटलें तिलाच बोलावलें."

म्हातारी जवळ आली. माझ्या ओल्या गालावर तिने हात ठेवला आणि तमिळमध्ये विचारलं, "काय गं बाळ, मला हाक मारलीस?"

मी हो म्हणाले.