कुसुमताईंचे अडुळशाचे कुंपण

वैद्य कुसुमताई आंबेकरांची आणि माझी पहिली भेट कडूच होती. बदली होऊन आम्ही नागपूरहून दिल्लीत, मयूर विहारच्या आपल्या सोसायटीत आलो आणि पहिल्याच थंडीत माझ्या लेकीला खोकल्याने धरले. शेजारणीने तळमजल्यावरच्या वैद्यबाईंचे दार दाखवले. ताईंनी कुंपणावरून अडुळशाची पाने खुडली, तव्यावर नरम केली, रस पिळून त्यात मध घातला आणि पहिला चमचा माझ्याच तोंडापुढे धरला. "आधी आईनं प्यायचं. आणि तोंड वाकडं करायचं नाही, पोरगी बघतेय." मी प्याले. डोळ्यांत पाणी आले, पण लेक मुकाट्याने प्याली. पाजणाऱ्याने आधी प्यायचे, हा ताईंचा नियम.

ते कुंपण ताईंनी स्वतः लावले होते. अडुळसाच का, असे विचारले की त्या हसत. "शेळ्यासुद्धा याला तोंड लावत नाहीत. निवांत वाढतो." करोल बागेतल्या दवाखान्यातून दमून आल्या तरी दाराशी आलेल्याला त्यांनी कधी परत पाठवले नाही. आपल्या औषधाचा हट्टही धरला नाही. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना धाप लागली, तेव्हा "हे माझं काम नाही, हॉस्पिटलात चला" म्हणून त्यांनीच ऑटो थांबवली आणि सोबत गेल्या.

मग दिवस पालटले. घरोघरी गाड्या आल्या आणि त्यांना जागा हवी झाली. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी म्हणाले, "ताई, अडुळशाची बाटली केमिस्टकडे मिळते ना, बिल्कुल सेम! झुडपांचं काय एवढं?" कुंपण काढण्यासाठी भराभर हात वर झाले. ज्यांच्या पोरांचे खोकले ताईंनी निस्तरले, त्यांचेच ते हात. ताईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "शेळ्यांनी सोडलं होतं हो."

मजूर मुळे खणत होते तेव्हा ताई तुटलेल्या फांद्या गोळा करत होत्या. त्या फांद्या आज त्यांच्या बाल्कनीत, कुंड्यांमध्ये खुरटून जगताहेत. पानांसाठी त्यांना या वयात बसने फरीदाबादच्या पलीकडे जावे लागते, आणि आता तिथेही प्लॉट पडताहेत. गेल्या थंडीपासून त्या स्वतःच खोकताहेत. मला याचा संताप येतो.

आता त्याच सोसायटीने त्यांच्या पंचाहत्तरीचा घाट घातला आहे. गौरव अंकासाठी लेख मागताना समितीने मला बजावले, "जरा गोड लिहा." मी ताईंनाच विचारले, तुम्हाला काय हवे? म्हणाल्या, "शाल नको. फाटकाजवळ दोन गाड्यांची जागा द्या म्हणावं. कुंड्या तयार आहेत." समिती म्हणाली, "अच्छा, देखेंगे."

ताईंना निरोगी शतायुष्य लाभो, असे मी मनापासून म्हणते. तुम्हीही समारंभात म्हणालच. पण नियम तो नियम. त्या दिवशी मी फरीदाबादहून पाने आणून रस काढणार आहे आणि वाटी घेऊन दाराशी उभी राहणार आहे. ताईंना आयुष्य चिंतणाऱ्याने आधी एक चमचा प्यायचा. आणि तोंड वाकडे करायचे नाही, ताई बघत असतील.