सरावाला जोर किती

"बाय, जोर किती लावू?" असं सर दर मंगळवारी दुपारी विचारायचे आणि मी तोंड उघडायच्या आत सगळ्यात कमी जोराच्या चौकटीत बरोबरची खूण करून मोकळे व्हायचे. मग चष्मा काढून रुमालाने पुसायचे. मी सांगितलेलं त्यांनी एकदाही ऐकलं नाही, पण विचारल्याशिवायही कधी राहिले नाहीत.

सर आता नाहीत. पण त्या वर्षांत फुलपाड्यातल्या माझ्या सायबर कॅफेत तुम्ही कधी नोकरीचा अर्ज टाइप करायला बसला असाल, तर पंख्याखालच्या कॉम्प्युटरवर तुम्ही त्यांना पाहिलं असणारच. पांढरा फुलशर्ट, इस्त्रीची पॅन्ट आणि पायात कॅनव्हासचे बूट. आगाशीच्या शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे सर. बसने विरारला यायचे, रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला यायचे आणि दोन तास बास्केटबॉलचा संघ चालवायचे.

संघ इंटरनेटवरचा. खेळाडू खोटे, पण संघ चालवणारी माणसं जगभरातली, खरीखुरी. रविवारी लीगची मॅच, मंगळवारी चारला सरावाची. आपण फक्त कोण खेळणार आणि जोर किती लावायचा एवढं ठरवायचं, बाकी कॉम्प्युटर खेळतो आणि काय झालं ते ओळीओळीने सांगतो. सरावात जोर लावला की पोरं लवकर तयार होतात, पण दुखापतही होऊ शकते.

सरांचा जोर कायम कमी. "सराव आहे, कुणाचा जीव नाही घ्यायचा," असं म्हणत ते दर मंगळवारी हरायचे. हरायचे म्हणजे काय, धुतले जायचे. एकदा अठ्ठ्याऐंशी-एकतीस. समोरच्या कुठल्याशा देशातल्या माणसाने निरोप पाठवला, 'तुमचे खेळाडू जेवून आले होते का?' सरांनी माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं, 'होय. कळावे.'

तुम्हाला वाटेल, काय शांत माणूस! मला हसू यायचं. कारण मी या माणसाला शाळेत पाहिलं होतं. मी त्यांच्या मुलींच्या संघात होते. आमच्या सिमेंटच्या मैदानावर आपापसातली मॅच असली तरी सर रेषेवर उभे राहून असे ओरडायचे की मागच्या वाडीतले लोक पाणी लावायचं सोडून कुंपणाशी येत. "सराव बिराव काही नसतं! पळा!" हे त्यांचं तेव्हाचं वाक्य.

जिल्ह्याच्या निवडीला दोन दिवस होते. आपापसातलीच मॅच, आमची बाजू सहा पॉइंटने मागे. मी बास्केटखाली उडी मारली आणि खाली आले ती उजव्या गुडघ्यावर. आवाज मलाच ऐकू आला. सरांनी मला उचलून रिक्षात घातलं, डॉक्टरकडे नेलं. प्लास्टर झालं, निवड गेली, खेळ संपला. आठवड्याने सर सुकेळ्यांचं, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं घेऊन घरी आले, दारातूनच आईच्या हातात देऊन गेले. त्यानंतर आले नाहीत. मुलींचा संघही त्यांनी सोडला.

आणि बारा वर्षांनी, माझं लग्न होऊन मी फुलपाड्यात कॅफे टाकल्यावर, हा माणूस एका दुपारी दारात उभा! "इथे इंटरनेट मिळतं का?" म्हणे. आगाशीत काय मिळत नव्हतं? पण मी विचारलं नाही. त्यांनीही गुडघ्याचा विषय काढला नाही. दोन वर्षं आम्ही दोघं फक्त त्या खोट्या पोरांबद्दल बोलत होतो.

दुसऱ्या वर्षी संघ तळाला गेला. अजून एक रविवार हरले असते तर खालच्या लीगमध्ये. त्यांच्याकडे एकोणीस वर्षांचा एक उंच पोरगा होता, सगळ्यांत गुणी. सर त्याला सरावात उतरवायचेच नाहीत.

"त्याला लागलं तर?"

"सर, तो माणूस नाहीये!"

"ते मला कळतं, बाय."

"मग जोर किती लावू म्हणून मला कशाला विचारता?"

सरांनी माउसवरचा हात काढला. पलीकडे एक जण बायोडेटा छापून घेत होता, तोही थांबला. माझी मात्र जीभ सुटली होती. म्हटलं, "तुम्ही ओरडला नसतात तरी मी ती उडी मारणारच होते. मला जिंकायचं होतं. मला त्या मॅची आवडायच्या, सर. राग त्याचा नाही आला. तुम्ही परत आला नाहीत त्याचा आला. अजून आहे."

सरांनी चष्मा पुसला. पुसलेलाच परत पुसला.

"तू आदल्या दिवसापासून लंगडत होतीस," ते म्हणाले. "मी पाहिलं होतं. तरी उतरवली तुला."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की आपण छान लपवलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर त्यांना उठवून बाहेर काढावंसं वाटलं.

"मला वाटलं, तुम्ही पाहिलंत तर बाहेर बसवाल," मी म्हटलं. "म्हणून लपवत होते."

"बसवायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. "हवं होतं."

चारला पाच मिनिटं कमी होती. मीच पुढे वाकून त्या उंच पोराला संघात घेतलं आणि पूर्ण जोराच्या चौकटीत खूण केली. सरांनी माझा हात अडवला नाही. मॅच सुरू झाली. पोराने पहिली उडी मारली तेव्हा सरांनी डोळे मिटून घेतले आणि मला म्हणाले, "वाच." मी वाचत गेले. तो पडला, उठला, परत पळाला. दोन पॉइंटने हरलो. पोराला काही झालं नाही.

सर उठले, पिशवी घेतली, दारापर्यंत गेले आणि वळले.

"गुडघा कसा आहे?"

"चौथ्या मजल्यावर राहते, सर. लिफ्ट नाही."

"म्हणजे दुखतो."

"दुखतो."

त्यांनी पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. "सांग," म्हणाले. "पहिल्यापासून सांग." मी प्लास्टर काढलं त्या दिवसापासून सुरुवात केली. त्यांची साडेपाचची बस गेली, त्याच्या पुढचीही गेली.