दुष्काळातही तेवढाच लाभांश

लग्नात वडिलांनी मला सोन्याबरोबर एका औषध कंपनीचे थोडे शेअर दिले. नांदेडला त्यांचं औषधाचं दुकान होतं. ज्या कंपनीच्या गोळ्या आपण वर्षानुवर्षं विकतो, तिच्यात लेकीचाही लहानसा हिस्सा असावा, एवढाच त्यांचा विचार. मी ते कागद साड्यांखाली ठेवले आणि उदगीरला सासरी आले.

सासऱ्यांचं उदगीरला कापडाचं दुकान होतं. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. सकाळी लिंगपूजा आटोपली की मामा दुकान उघडत. घेतलेला माल विकला गेलाच पाहिजे, फडताळात पडून राहिलेलं ठाण म्हणजे अडकलेला पैसा, हा त्यांचा धंद्याचा पहिला नियम. शेअरचे कागद घरात नुसते पडून असतात, हे त्यांना कधी पटलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात बाजार ओस पडला. आमची निम्मी गिऱ्हाईकं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती. लुगडं कोण घेणार? मामा मला म्हणाले की शेअर विकून मोकळी हो, पुढं भाव आणखी पडला तर हाती काही लागणार नाही. मलाही ते बरोबर वाटलं. विकण्यासाठी वडिलांना पत्र लिहायला घेतलं, त्याच आठवड्यात पोस्टमननं कंपनीच्या लाभांशाचा चेक आणून दिला. मागच्या वर्षी आला होता, अगदी तेवढाच.

मामांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "दुष्काळात समद्यांचं कमी झालं. ह्यांचं कामून न्हाई झालं?"

कंपनीचा वार्षिक अहवालही आला होता. तो इंग्रजीत. दुपारी दुकानात कुणी येत नसे, म्हणून मी तिथंच बसून मामांना मराठीत सांगत गेले. मजकुरात पुढं एक गोष्ट निघाली : कंपनीचा नफाही त्या वर्षी घटला होता. मामा सावरून बसले. कमाई कमी आणि वाटप तेवढंच, हे कुठल्या घरात चालतं? हे दिखाव्याचं तर नाही? त्यांनी मला कंपनीला पत्र लिहायला लावलं. प्रश्न दोनच. हा पैसा आणला कुठून? आणि पुढल्या साली पाऊस पडला नाही तर काय करणार?

उत्तराची मला आशा नव्हती. दीड महिन्यानं कंपनीच्या चिटणीसाचं टाइप केलेलं पत्र आलं. चांगल्या वर्षी आम्ही सगळा नफा वाटत नाही, असं त्यानं लिहिलं होतं. काही भागधारकांना देतो, काही कारखान्यात घालतो, काही राखून ठेवतो. एकदा वाढवलेला लाभांश पुढंही देता येईल अशी खात्री असल्याशिवाय तो वाढवत नाही. एखादं वाईट वर्ष राखीव पैशातून निभावतं. पण लागोपाठ वाईट वर्षं आली तर लाभांश कमी करावा लागेल, आणि तसं तुम्हाला कळवू.

हे शेवटचं वाक्य मामांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"कमी करीन म्हणतोय," ते म्हणाले. "मंग खरं बोलून राहिला." जरा वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, की वर्षाकाठी शेअरच्या मालकाच्या हाती काहीतरी पडत राहिलं तर तो विकायची घाई करत नाही, ह्यांना तेच पाहिजे असणार.

वडिलांना लिहायचं पत्र तसंच राहिलं.

दोन-तीन वर्षांनी कंपनीनं बोनस शेअर दिले, एका शेअरला एक फुकट. कागद दुप्पट झाले म्हणून मला आनंद झाला, पण वडिलांनी नांदेडहून कळवलं की भाव त्या प्रमाणात उतरतो. अर्धी अर्धी केली म्हणून भाकर वाढत नाही. मी हिरमुसले. मामांचं डोकं मात्र चालू होतं. त्यांनी विचारलं, दर शेअरला आधीएवढाच लाभांश दिला तर? तसं झालं तर घरी दुप्पट येईल, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पुढल्या वर्षी दर शेअरमागे थोडं कमी आलं, पण एकूण रक्कम वाढली होती. बी.ए. मी झाले होते, आणि हे मामांनी ओळखलं होतं.

त्या उत्साहात मामांनी स्वतः दुसऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले. ती लाभांश भरमसाट देत होती, एवढंच त्यांनी पाहिलं. अहवाल वाचून दाखवू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, कशाला. दोन वर्षं पैसे आले, मग बंद झाले. कर्ज काढून वाटप चाललं होतं, हे मागाहून कळलं.  पाचव्या दिवशी मामांनी त्या कंपनीचा जुना अहवाल काढून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "आता वाच. कुठं लिहिलं होतं ते मला पाहू दे." ते लिहिलेलं होतंच, शेवटच्या पानांत, बारीक अक्षरात.

मग लातूर जिल्हा झाला. उदगीरचे लोक उस्मानाबादच्या फेऱ्यांतून सुटले. माझे मालक, म्हणजे मामांचे चिरंजीव, कारकून होते, त्यांची बदली लातूरच्या नव्या कचेरीत झाली. प्लॉटचे भाव रोज चढत होते. शेअर विकून तिथं पाहिलेला एक प्लॉट घ्यावा, असा त्यांचा आग्रह. मामांना विचारलं तर ते म्हणाले, कागद तुझ्या नावाचे, तूच ठरव. मी आठवडाभर विचार केला. जमीन दरवर्षी काही देणार नव्हती, आणि ही कंपनी इतकी वर्षं शब्दाला जागली होती. मी विकले नाहीत. आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मालक बरेच दिवस रुसून होते.

तो प्लॉट मी अजून येता-जाता पाहते. तिथं आता तीन मजली इमारत आहे. तो घेतला असता तर जास्त झालं असतं की कमी, हे मला खरंच माहीत नाही. लाभांशातून मात्र दोन्ही मुलींची कॉलेजची फी गेली, आणि त्यासाठी एकही शेअर विकावा लागला नाही.