आधी फोन, मग ‘हो’

विनायकभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याजवळ बसलो होतो. समोर भाऊंनी आणि मी मिळून लिहिलेला प्रोग्राम चालू होता. फोन ठेवला तरी पडद्यावर कापसाची वजनं पडतच राहिली... आणि मला क्षणभर त्या आकड्यांचाच राग आला.

सिंदी मेघेत भाऊंचा कॉम्प्युटर क्लास होता. नव्वदच्या दशकात मी तिथे शिकायला गेलो आणि शिकून झाल्यावरही जातच राहिलो. पुढे इंटरनेट आलं तेव्हा आमच्या प्रोग्रामच्या साऱ्या आवृत्त्या भाऊंच्या घरच्या संगणकावर राहू लागल्या, मी इकडे जिनिंगमधून जोडणी करून त्या उतरवून घ्यायचो. कधीकधी जोडणी अडायची. समोरचं यंत्र ओळखीचं वाटत नाही, पुढे जाऊ का, असं विचारायची. मी स्वभावाने उतावीळ, बोट लगेच ‘हो’कडे जायचं. भाऊंनी दम भरला होता, "मले फोन केल्याबिगर हो म्हणू नको." मग ते आपल्या यंत्राची ओळख, म्हणजे अंक-अक्षरांची एक लांबलचक माळ, फोनवर वाचायचे आणि मी ती पडद्याशी ताडून पाहायचो. लाइन खरखरायची, म्हणून माळेत येणाऱ्या ए ते एफ या अक्षरांना गावं दिलेली. आर्वीचा ए, बोरचा बी, सिंदीचा सी, देवळीचा डी, इंझाळ्याचा ई. "एफले गाव नाई," असं म्हणून दर वेळी तितकंच हसायचे.

एका हंगामात प्रोग्राममध्ये ओल्या कापसाच्या वजनातून होणारी ओलाव्याची कपात चुकू लागली. आवारात कापसाच्या गाड्या खोळंबलेल्या, शेठजी डोक्यावर उभे. दुरुस्त प्रोग्राम भाऊंकडे तयार होता, पण जोडणी अडली. हे कालचं यंत्र नाही, म्हणाली. फोन केला तर भाऊ हिंगणीला गेलेले, तो उचलला वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने. आता ‘हो’ म्हणून मोकळं व्हावं म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, "थांब नं संजू. काऊन घाई करून राह्यला? आधी वाचून पाहू." भाऊंनी त्यांनाही शिकवून ठेवलं होतं. पहिलीच अक्षरं जुळेनात. झालं असं होतं, की वीज जाऊन आल्यावर भाऊंच्या इंटरनेटचा पत्ता बदलला होता आणि जुना पत्ता कुणा परक्याच्या यंत्राला मिळाला होता. आमचा पासवर्ड मी त्याच्याच दारात नेऊन ठेवणार होतो. वहिनींनी नवा पत्ता सांगितला, ओळख जुळली, कपात सरळ झाली. गाडीवाल्यांना यातलं काही कळलंही नाही. संध्याकाळी भाऊ एवढंच म्हणाले, "तुह्या वहिनीनं वाचवलं, मी नाई."

माझी पुढची सगळी नोकरी या थांबण्यावर उभी राहिली. ते मला भाऊंनी दिलं, आणि त्याबद्दल त्यांच्या तोंडावर मी कधी काही बोललो नाही.

मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. तो संगणक अजून चालूच आहे, बंद करायचा का, विचारत होत्या. म्हटलं, आधी सगळं काम माझ्याकडे उतरवून घेतो. माझं यंत्र नवं, त्याने विचारलंच, समोरच्याला ओळखता का? वहिनी भाऊंच्या खुर्चीत बसल्या आणि वाचू लागल्या. देवळीचा डी, आर्वीचा ए... अगदी त्याच चालीत. मग एफवर थांबल्या.

"एफले गाव नाई," त्या हळूच म्हणाल्या आणि पुढे वाचू लागल्या.

माळ शेवटपर्यंत जुळली. मी ‘हो’ म्हटलं. सगळं उतरून झालं तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, "करू बंद?"

"राहू द्या वहिनी," मी म्हणालो. "चालू राहू द्या."